फळ्यावरचे बिबटे, वहीतले बिबटे: दक्षिण लुआंग्वातील एका सफारी कॅम्पचा अनुभव

झांबियातील दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाला लागून, नदीच्या पूर्वेकडच्या काठावर असलेल्या ज्या कॅम्पमध्ये आम्ही दोघे सप्टेंबरच्या अखेरीस पाच रात्री राहिलो, तेथे जेवणाच्या छपराखाली एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर खडूने पाच रकाने आखले आहेत: सिंह, बिबट्या, रानकुत्रे, तरस आणि ‘इतर’. फेरीवरून परत आलेला प्रत्येक गाइड आपल्या गाडीला जे दिसले त्याची रेघ त्या त्या रकान्यात ओढतो आणि महिना संपला की फळा पुसून नव्याने सुरुवात होते. २६ तारखेच्या दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा बिबट्याच्या रकान्यात ५८ रेघा होत्या. सरबताचा पेला हातात घेऊन मी त्या दोनदा मोजल्या, दिवसांनी भागल्या आणि रोजचे दोन बिबटे ठरलेलेच आहेत, असे मनाशी धरून तंबूकडे वळले. या हिशेबात काय चुकले होते हे कळायला मुक्काम संपत यावा लागला. या कॅम्पविषयी मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे त्या चुकीशीच निगडित आहे, म्हणून अंथरूण-पांघरूण आणि जेवणखाण यांच्याआधी प्राण्यांविषयी लिहिते.

कॅम्पचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी येतील, आणि त्या एकट्या याच कॅम्पला लागू पडतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. नदीकाठी याच धर्तीचे कितीतरी कॅम्प आहेत आणि त्यांपैकी कोठेही जाणाऱ्याने तेच प्रश्न विचारायला हवेत.

उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचे आहे. १९३८ मध्ये हा भाग शिकारीपासून राखीव झाला आणि १९७२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे झांबेझीला मिळणारी लुआंग्वा नदी त्याच्या पूर्व अंगाने वाहते, आणि येथे जे काही दिसते ते बव्हंशी तिच्यामुळे दिसते. पावसाळ्यात ही नदी काठ खात सुटते, जुने वळण सोडून नवे धरते आणि मागे चंद्रकोरीच्या आकाराची तळी ठेवून जाते. पाऊस थांबल्यावर आतल्या भागातले पाणी महिन्यामहिन्याने आटत जाते, गवत वाळून आडवे होते, मोपाने वृक्षांची पाने तांबूस पडून गळू लागतात, आणि सप्टेंबरपर्यंत पाण्यावाचून राहू न शकणारा प्रत्येक प्राणी नदीच्या आणि त्या तळ्यांच्या आसपास येऊन ठेपतो. त्यामुळे या महिन्यात प्राणी दिसण्याचे सगळे श्रेय कॅम्पने घ्यावे असे नाही. त्यांच्या गाइडला ते कसे दाखवता येतात, एवढाच परीक्षेचा भाग उरतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आम्हाला ही सहल विकणाऱ्या एजंटाच्या माहितीपत्रकावर चित्ता आणि गेंडा हे दोन्ही प्राणी झळकत होते. दक्षिण लुआंग्वात दोन्ही नाहीत. या खोऱ्यात एके काळी काळे गेंडे हजारांनी होते. चोरट्या शिकारीने ते काही दशकांत संपवले, १९९८ मध्ये झांबियातून गेंडा नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २००३ पासून ते परदेशातून आणून पुन्हा सोडण्यात आले तेही उत्तर लुआंग्वा या वेगळ्या उद्यानात. कॅम्पच्या बाजूने सांगायचे तर त्यांच्या फळ्यावर गेंड्याचा रकाना नाही, आणि आमच्या गाइडनी पहिल्याच दिवशी, आम्ही न विचारता, या दोन प्राण्यांची आशा सोडायला सांगितले. माहितीपत्रकाबद्दल त्यांनी काही मत दिले नाही. फक्त ते उलटसुलट करून पाहिले आणि अदबीने परत केले.

पहिल्या संध्याकाळी पुलावरून उद्यानात शिरल्यावर जवळजवळ दोन तास आम्हाला फळ्यावर चढेल असे काही दिसले नाही. पुकू जातीच्या हरणांचे कळप दिसले, इम्पाला हरणे दिसली, पाण्यात एकमेकांना रेटणारे पाणघोडे दिसले. गाडीतली एक बाई घड्याळ पाहू लागली होती. सूर्य टेकायच्या बेताला गाइडनी गाडी एका उघड्या मैदानाच्या कडेला उभी केली, इंजिन बंद केले आणि काही न बोलता बसून राहिले. तीनचार मिनिटांनी एक शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. बारीक, कोरडी आणि आखूड. ती पुकूची धोक्याची शिट्टी होती. आम्ही सगळे आवाजाच्या दिशेने पाहू लागलो, तेव्हा गाइड हलक्या आवाजात म्हणाले, “ओरडणाऱ्याकडे पाहू नका, तो कुठे पाहतोय ते पाहा.” नर पुकूने मान ताठ केली होती आणि त्याचे दोन्ही कान सुमारे शंभर पावलांवरच्या एका सॉसेज ट्रीकडे वळले होते.

सप्टेंबरमध्ये हे झाड फुलावर असते. फुले गडद, जुन्या रक्ताच्या रंगाची आणि मांसल असतात. गळून पडताना त्यांचा धप्प असा आवाज होतो, आणि तो आवाज ऐकून इम्पाला, पुकू झाडाखाली ती खायला येतात. बिबट्याला हे ठाऊक असते. आम्ही झाडाच्या अलीकडे थांबलो तेव्हा खालच्या जाड फांदीवर एक मादी पोट टेकून, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून पडली होती. शेपटीचे टोक तेवढे मधूनमधून हलत होते. उजव्या कानाला एक जुनी, वाळलेली खाच होती. एक फूल तिच्या पाठीशेजारून खाली पडले. तिने डोळे उघडले, खाली एकही प्राणी नाही हे पाहिले आणि पुन्हा मिटले. गाडीत कोणी बोलले नाही. घड्याळ पाहणारी बाईही नाही. अंधार पडल्यावर बिबट्याची मादी खोडावरून उलटी उतरली, गाडीच्या पुढच्या चाकापासून फार तर दहा पावलांवरून गेली आणि गवतात शिरली. तिच्या पंजांचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

गाइडनी दिव्याच्या उजेडात खिशातली लहान वही काढून काहीतरी लिहिले. मी विचारल्यावर त्यांनी ती दाखवली. प्रत्येक बिबट्याच्या मिशांच्या सर्वांत वरच्या ओळीवर जे सुटे ठिपके असतात त्यांची संख्या दोन्ही गालांवर वेगवेगळी असू शकते, आणि ती त्या जनावराची आयुष्यभराची ओळख असते. त्यांच्या वहीत या मादीच्या नावाऐवजी दोन आकडे, कानाच्या खाचेचे चित्र आणि ती गेल्या पाच महिन्यांत कोणत्या झाडावर, कोणत्या तळ्यापाशी दिसली याच्या नोंदी होत्या. कॅम्पवर परतल्यावर त्यांनी फळ्यावर एक रेघ ओढली. आमच्यानंतर पाच मिनिटांनी दुसरी गाडी आली. तिच्या गाइडनीही एक रेघ ओढली. त्यांना दिसलेली मादी हीच होती.

फळ्याचे गणित मला तेथे प्रथम खटकले. कॅम्पच्या चार गाड्या आहेत. चौघींना एकच बिबट्या दिसला तर फळ्यावर चार बिबटे होतात, आणि तोच बिबट्या दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दिसला तर आणखी चार. कोणी खोटे लिहीत नाही. पण फळ्याखाली उभ्या राहिलेल्या नव्या पाहुण्याला जे वाटते ते खरे नसते. ३० तारखेच्या रात्री बिबट्याच्या रकान्यात ६९ रेघा होत्या. त्याच रात्री मी गाइडकडे वही मागितली. सप्टेंबरभरात त्यांनी स्वतः ओळखलेले बिबटे नऊ होते. आम्हाला पाच वेळा बिबट्या दिसला, चार वेळा संध्याकाळी आणि एकदा सकाळी, आणि ते पाच वेळा मिळून प्राणी तीन होते: खाच असलेली मादी, तिचे जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लू आणि एबनीच्या राईत राहणारा एक भारदस्त नर. चारही गाड्या रोज दोन फेऱ्यांना गेल्या असे धरले तर महिन्याच्या २४० फेऱ्या होतात. याचा अर्थ एका गाडीला एका फेरीत बिबट्या दिसण्याची शक्यता चारांत एकाहून थोडीशीच अधिक. बिबट्यासारख्या प्राण्याच्या बाबतीत हे प्रमाण उत्तम आहे आणि कॅम्पने ते तसेच सांगितले तरी पाहुणे कमी होणार नाहीत. रेघांची गर्दी मात्र वेगळेच काही सुचवते.

फळ्याचा दुसरा दोष मला त्याहून मोठा वाटतो. लुआंग्वाच्या खोऱ्यात जिराफाचा जो प्रकार आढळतो, थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ, तो निसर्गात जगात दुसरीकडे कोठेही नाही. त्याच्या नरांचे डाग वयाबरोबर काळवंडत जातात. आम्ही पाहिलेल्या कळपातला म्हातारा नर अक्षरशः कोळशाच्या रंगाच्या ठिपक्यांचा होता आणि शेजारच्या तरुण माद्यांमध्ये तो वेगळ्या जातीचा वाटावा इतका उठून दिसत होता. येथल्या झेब्र्यांचे पट्टे अरुंद असतात, त्यांच्या मधल्या पांढऱ्यावर इतरत्र दिसणारी तपकिरी छाया नसते आणि पट्टे पोटाखालीही जातात. ही सगळी मंडळी फळ्यावर ‘इतर’ या रकान्यात आहेत, आणि तो रकाना भरण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पाच दिवसांत त्यात एकच नोंद पडली, तीही साळिंदराची. फळा पाहून गेलेल्या पाहुण्याला आपण नक्की कोठे जाऊन आलो हे कळणारच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र फळ्याचा त्रास केवळ मनातला राहिला नाही. रेडिओवर निरोप आला की मादीचे पिल्लू एका कोरड्या ओढ्याच्या काठाने इम्पालांच्या मागावर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा वेगवेगळ्या कॅम्पच्या मिळून नऊ गाड्या तेथे होत्या. एक गाडी बिबट्या आणि कळप यांच्या बरोबर मध्ये शिरली, कारण तेथून चेहरा समोरून दिसत होता. दुसरीतला स्पॉटर, म्हणजे दिव्याने प्राणी शोधणारा मदतनीस, सर्चलाइटचा झोत थेट इम्पालांवर टाकत होता. आमच्या गाइडनी पहिल्या दिवशीच समजावले होते की हरणांच्या डोळ्यांवर झोत मारायचा नसतो, कारण त्यानंतर काही वेळ त्यांना अंधारातले दिसत नाही आणि शिकाऱ्याला फुकटचा फायदा मिळतो. शिकार करणाऱ्याच्या डोळ्यांवरही तो रोखून धरायचा नसतो. येथे दोन्ही चालू होते. त्या नऊ गाड्यांपैकी दोन आमच्याच कॅम्पच्या होत्या आणि मध्ये शिरलेली गाडी त्या दोनांपैकी एक होती, हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

आमचे गाइड बऱ्याच अंतरावर थांबले, दिवा बंद करायला लावला आणि मागे वळून विचारले की थांबायचे का. गाडीतल्या सहा जणांपैकी दोघांना थांबायचे होते. पाच मिनिटे थांबून आम्ही निघालो. पिल्लाने शिकार सोडून दिली असे रात्री जेवताना कळले. फळ्यावर त्या संध्याकाळच्या तीन रेघा चढल्या, आमच्या गाडीचीही एक. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, संबंधित गाइडशी बोलू असे म्हटले, आणि मग एक वाक्य बोलून गेले जे मला प्रामाणिक वाटले: पाहुणे संध्याकाळी परत आल्यावर सगळ्यांत आधी फळ्याकडे पाहतात, आणि ज्या गाडीची रेघ नसते तिचा गाइड जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायला कचरतो. दोष कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, तरी फळा जागेवर होता.

रात्रीच्या फेऱ्यांविषयी तरीही चांगले लिहायला हवे. आफ्रिकेतल्या कितीतरी राष्ट्रीय उद्यानांत अंधार पडल्यावर गाडी फिरवता येत नाही. येथे आठपर्यंत परवानगी असते, आणि तेवढ्या दीडदोन तासांत दिवसा न दिसणारे एक वेगळेच जंगल समोर येते. आमचा स्पॉटर तरुण होता आणि त्याचा हात विलक्षण स्थिर होता. झोत झाडांच्या शेंड्यांवरून, मग खोडांवरून, मग जमिनीलगत असा तो संथपणे फिरवीत जाई, आणि लाल-केशरी चमक दिसली की तिची उंची आणि दोन डोळ्यांमधले अंतर पाहूनच हळू आवाजात नाव सांगे. उड्या मारणारे ठिणगीसारखे दोन डोळे म्हणजे बुशबेबी, झाडावर राहणारा छोटा निशाचर प्राणी. जमिनीपासून वीतभर वर, सारखे थांबत पळणारे म्हणजे जेनेट, मांजरासारखा एक सडपातळ, ठिपकेदार प्राणी. एका रात्री कोरड्या तळ्याच्या काठावर आफ्रिकी कस्तुरी मांजर दिसले. खाली मान घालून, कोणाची पर्वा न करता ते किडे वेचत चालले होते आणि आम्ही त्याच्याबरोबर दहा मिनिटे सावकाश सरकत होतो. ते फळ्यावर गेले नाही. ‘इतर’मध्ये लिहावे असे मी सुचवले तेव्हा गाइड हसले आणि खडू माझ्या हातात दिला. मग मला संकोच वाटला.

दोन सकाळी आम्ही पायी गेलो, आणि या कॅम्पला जायचे असेल तर मुख्यतः त्यासाठी जावे असे माझे मत आहे. पायी सफारीची प्रथा याच खोऱ्यात रुजली. ब्रिटिश वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये स्थानिक प्रमुख न्सेफू यांच्या संमतीने त्यांच्या लोकांच्या जमिनीवर पाहुण्यांसाठी कॅम्प उभा केला आणि उत्पन्नाचा वाटा त्या लोकांना दिला. पुढे त्यांनीच चालत जाण्याच्या सफारींना वळण लावले. आजही शिस्त कडक आहे. सर्वांत पुढे राष्ट्रीय उद्याने आणि वन्यजीव विभागाचा बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे गाइड, मग एका ओळीत पाहुणे आणि शेवटी चहाचे सामान पाठीवर घेतलेला एक माणूस. बारा वर्षांखालील मुलांना कॅम्प नेत नाही. निघण्यापूर्वी गाइडनी तीन सूचना दिल्या आणि तिन्ही ‘पळू नका’ या एकाच सूचनेचे प्रकार होते.

चालताना प्राणी कमी दिसतात, हे आधीच सांगितलेले बरे. गाडीपासून पंधरा पावलांवर उभा राहणारा पुकू माणूस पायी दिसताच दीडशे पावलांवर जातो. पण गाडीतून जे कधीच कळत नाही ते पायाखाली असते. पांढऱ्या खडूसारखी विष्ठा गाइडनी काडीने फोडून दाखवली. ती तरसाची, आणि हाडे खाल्ल्याने पांढरी झालेली. रात्री आमच्या तंबूमागून गेलेल्या पाणघोड्याच्या पायवाटेवर त्याने शेपटीने उडवलेली विष्ठा दोन्ही बाजूंच्या झुडपांवर वाळून चिकटली होती. हत्तीच्या पावलाचा ठसा परातीएवढा होता, त्यावर तळव्याच्या भेगांची जाळी उमटली होती, आणि त्या जाळीवरून एका मुंगीखाऊ किड्याने नंतर खळगा केला होता, म्हणजे हत्ती पहाटेच्या बराच आधी गेला होता. एका वळणावर काही अंतरावर मेलेला पाणघोडा आणि त्याच्याभोवती मगरी दिसल्या. जवळ जायला गाइडनी नकार दिला आणि कारण सांगितले: १९८७ मध्ये या नदीत अँथ्रॅक्सच्या साथीने हजारो पाणघोडे मेले होते, आणि तेव्हापासून कारण न कळलेल्या मेल्या पाणघोड्याजवळ पाहुण्यांना नेत नाहीत. ही सावधगिरी मला आवडली.

दुसऱ्या सकाळच्या चालण्याचा शेवट नदीच्या कड्यावर झाला. समोरच्या उभ्या, नुकत्याच ढासळलेल्या मातीच्या भिंतीत शेकडो बिळे होती आणि भिंतीसमोर किरमिजी वेड्या राघूंचा (बी-ईटर पक्ष्यांचा) थवा सारखा उडत, बसत, पुन्हा उडत होता. हे पक्षी या दिवसांत येथे विणीसाठी येतात. नदी दरवर्षी काठ कापते म्हणून त्यांना दरवर्षी ताजी भिंत मिळते. ज्या धुपीला कॅम्पवाले शिव्या देतात तिच्यावर यांची वीण अवलंबून आहे. मी एका बिळाकडे पाहत बसले. एक पक्षी चोचीत गांधीलमाशीसारखा कीटक घेऊन आला, त्याने तो बिळाच्या तोंडाशी असलेल्या मुळीवर तीनदा आपटला, मग आत शिरला, आणि बराच वेळ गेल्यावर आधी शेपटी दाखवत उलटा बाहेर आला. आत वळायला जागा नसावी. वर घार घिरट्या घालत होती आणि तिची सावली भिंतीवरून गेली की सगळा थवा एकाच वेळी उचलला जाई, जणू कोणी लाल चादर झटकावी. चहा थंड झाला तरी कोणी उठेना. गाइडनी घड्याळ दाखवले तेव्हा ऊन चांगलेच चढले होते.

हत्तींचे दर्शन रोज झाले आणि फळ्यावर त्यांचाही रकाना नाही. चौथ्या सकाळी एक कळप नदी ओलांडताना पाहिला. त्यात नऊ माद्या होत्या आणि त्यांपैकी चौघींना सुळेच नव्हते. मला आधी वाटले की तुटले असतील. गाइडनी सांगितले की त्या जन्मतःच तशा आहेत. हस्तिदंतासाठी झालेल्या कत्तलीत सुळे असलेल्या माद्या अधिक मारल्या गेल्या, नसलेल्या वाचल्या आणि त्यांच्या लेकींत तो गुण उतरला. दक्षिण लुआंग्वातील सुळे नसलेल्या माद्यांचे प्रमाण १९६९ मध्ये १०.५ टक्के होते, ते १९८९ मध्ये ३८.२ टक्क्यांपर्यंत गेले होते. आकडा वाचणे वेगळे आणि त्या चौघी एकीमागून एक पाण्यात उतरताना, सोंड उंच धरून, पिल्लांना दोन शरीरांमध्ये घेऊन जाताना पाहणे वेगळे. सर्वांत पुढची म्हातारी बिनसुळ्यांची होती.

रानकुत्रे आम्हाला दिसले नाहीत. फळ्यावर त्यांच्या महिन्याभराच्या सहा रेघा होत्या आणि वहीप्रमाणे ती सगळी एकाच टोळीची दोन दिवसांतली दर्शने होती. टोळीतल्या एका मादीच्या गळ्यात संशोधकांनी बसवलेला रेडिओ कॉलर आहे. त्याचा एक उपयोग असा की फासात अडकलेले जनावर लवकर सापडते. विणीच्या काळात, साधारण मे ते ऑगस्टदरम्यान, टोळी बिळाजवळ राहते. पिल्ले चालू लागली की ती आज येथे, उद्या तीस किलोमीटरवर. केवळ त्यांच्यासाठी जाणाऱ्याने सप्टेंबर टाळावा. सिंह दोनदा दिसले, दोन्ही वेळा झोपलेले, आणि त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे त्यांनी काही केले नाही.

कॅम्पमधल्या राहण्याविषयी थोडक्यात. आठ तंबू, प्रत्येकाला स्वतंत्र न्हाणीघर, गरम पाणी संध्याकाळी सहा ते आठ आणि ते खरोखर गरम. जेवण साधे आणि भरपूर. मांस न खाणाऱ्यांसाठी वेगळे करतात, मात्र तिसऱ्या दिवसापासून त्यात भोपळा जरा जास्तच येऊ लागतो. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाचे तंबू नदीच्या अगदी धारेवर आहेत आणि तेथे रात्रभर पाणघोड्यांचे हसणे-खाकरणे ऐकू येते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मागचा तंबू मागावा. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पडायचे नाही, पहारेकरी येऊन नेतो, आणि हा नियम पाळावा. कॅम्पला कुंपण नाही. १९९१ मध्ये याच मफुवे परिसरात एका सिंहाने सहा माणसे मारली होती. तो सिंह आता पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ठेवलेला आहे. पहारेकऱ्याला ही हकिकत विचारली तर तो ती चांगली रंगवून सांगतो, पण तंबूपाशी पोहोचल्यावर, आधी नाही.

कपड्यांबाबत कॅम्पने आगाऊ कळवायला हवे होते, ते कळवले नाही. चावणाऱ्या त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग ओढून घेतो आणि माझे निम्मे कपडे गडद निळे होते. सप्टेंबरअखेरीस दुपारी ऊन असह्य होते आणि तंबूत पंखा केवळ जनरेटर चालू असेपर्यंत फिरतो. हे दोन्ही सांगितले असते तर आम्ही वेगळी तयारी केली असती. दर माणशी दर रात्री ५२० अमेरिकन डॉलर दिले, त्यात रोजच्या दोन फेऱ्या, जेवण आणि धुणे आले. उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे. याच पैशांत याहून ऐसपैस तंबू मिळू शकतील. असा गाइड मिळेल याची हमी नाही, आणि या कॅम्पमध्येही तो मिळाला हा आमचा योग होता. मध्ये शिरलेल्या त्या गाडीतल्या पाहुण्यांनी वेगळा अभिप्राय लिहिला तर तोही खरा असेल. म्हणून आरक्षण करताना तंबूचा क्रमांक मागण्याआधी एक विचारावे की पाचही दिवस एकच गाइड मिळेल का, आणि तो स्वतःची वही ठेवतो का. पाचांपैकी किमान दोन सकाळी चालण्यासाठी राखाव्यात. व्यवस्थापकांना माझी सूचना एवढीच होती की फळा काढायचा नसेल तर निदान वहीतली संख्या त्याच्या तळाशी लिहावी. ती त्यांनी टिपून घेतली.

१ ऑक्टोबरच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा फळा पुसून ठेवला होता. मफुवेच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता उद्यानाच्या बाहेरून, वस्त्यांमधून जातो. एका आंब्याच्या झाडाखाली चालकाने गाडी थांबवली. शाळेच्या भिंतीपलीकडे एक बिनसुळ्यांची हत्तीण सोंडेने फांदी ओढत उभी होती आणि सायकलवरची दोन मुले रस्त्याच्या कडेला, अगदी सरावाने, ती जाण्याची वाट पाहत होती. हिची रेघ कोण ओढणार, असे मी चालकाला विचारले. ते म्हणाले, “हद्दीबाहेरचे फळ्यावर धरत नाहीत.”